पाळण्यावरचे चार राघू

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचं एखादं गाठोडं तुमच्याही डोळ्यांत खुपत असेल. "हे काय जन्मभर सांभाळायचं? बंबात तरी घाला!" असं आपण दरवर्षी म्हणतो, आणि घरातली एखादी म्हातारी दरवर्षी ते गाठोडं गुपचूप पुन्हा जागेवर नेऊन ठेवते. आमच्याकडे असं एक पोतं होतं. त्यात होते लाकडाचे तुकडे. त्या पोत्याची आणि त्यातून निघालेल्या पाखरांची हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे. सांगता सांगता धाराशिव जिल्ह्यात थोडं फिरवूनही आणणार आहे. तुळजापूरला आपण सगळ्याच जातो, भवानीआईची ओटी भरतो आणि परतीची गाडी पकडतो. जिल्ह्यात पुढे काय काय आहे, ते मात्र बघायचं राहूनच जातं.

धाराशिव म्हणजे आपलं उस्मानाबाद. सरकारी कागदावर नाव २०२३ साली बदललं. आमच्या सासूबाई मात्र पहिल्यापासून धाराशिवच म्हणतात, त्यामुळे आमच्या घरात काहीच बदललं नाही!

"त्याला राघू हायत का?"

माझं सासर लोहारा तालुक्यातलं. आम्ही नोकरीपायी सोलापूरला. सासूबाई गावी धाकट्या दिरांकडे असतात. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा म्हणायची पद्धत आहे. आत्यांनी आता ऐंशी ओलांडली, पण आवाज अजून खणखणीत.

मागच्या वर्षी माझी लेक बाळंतपणाला आली. सातवा महिना लागला आणि आत्यांचा फोन आला.

"पाळणा आणलीस का?"

"आणलाय की आत्या. घडीचा आहे, स्टीलचा. वर झुंबर आहे, किल्ली दिली की गाणं वाजतं."

जरा वेळ पलीकडून काही आवाजच नाही. मग म्हणाल्या, "त्याला राघू हायत का?"

"नाहीत."

"मग ये इकडं. मी देते करून."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या साध्या बोलण्यात काय आहे? जुन्या पाळण्याला वर फुलीसारख्या दोन काठ्या असायच्या आणि चार टोकांना चार लाकडी राघू टांगलेले असायचे, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल. पण 'राघू' हा शब्द आत्यांच्या तोंडून मी जवळजवळ तीस वर्षांनी ऐकला. माझ्या पोटात धस्स झालं. का ते सांगते.

पत्र्याच्या शेडमधली सकाळ

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती. चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारीचं नाव सगळ्या देशाला कळलं, पण आमच्या बाजूचं सास्तूर आणि लोहारा-उमरगा भागातली कितीतरी गावं त्याच रात्री पडली. हजारो माणसं गेली. पुढे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली.

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर कसं गार! खांब-तुळयांच्या चौकटीला खण म्हणतात. मुलीला स्थळ आलं की "घर किती खणांचं?" असा पहिला प्रश्न असायचा. त्या रात्री बऱ्याच ठिकाणी असं झालं, की लाकडाचे खण उभे राहिले आणि भिंती कोसळल्या. पुढे पाहणीला आलेल्या इंजिनियर लोकांनीही हे लिहून ठेवलं आहे.

मामा भिंतीच्या कडेला झोपले होते. आत्या मधल्या खणात होत्या. एवढंच सांगते. आमच्या घरात त्या रात्रीबद्दल याहून जास्त कधी कुणी बोललेलं नाही.

ढिगारा उपसताना आत्यांनी काही लाकडं बाजूला काढली आणि एका पोत्यात भरली. त्या वर्षीच्या डिसेंबरात मी पंधरा दिवस त्यांच्याजवळ राहायला गेले होते. सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये. थंडी म्हणजे अशी, की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. एका सकाळी चूल पेटेना. पोत्यातून एक मुठीएवढा ठोकळा बाहेर आला होता, दोन्ही टोकांना तुटलेला, एका अंगाला हिरवट रंगाची खपली. मी उचलला आणि चुलीत सारला. पाणी छान तापलं.

आत्या आल्या, चुलीकडे बघितलं आणि तशाच बसून राहिल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "तो राघू व्हता. तुझ्या मालकाच्या पाळण्यावरचा. त्येवढा एकच घावला व्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "जाऊ दे. तुला काय ठावं." आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधून उशाशी घेऊन निजल्या. त्यानंतर त्या राघूचा विषय त्यांनी कधीही काढला नाही. मीही नाही.

तीन तुकडे

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. पावसाळ्यात जात असाल तर किल्ल्यापाशी नक्की उतरा. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे आणि पाणी वाढलं की नर-मादी नावाचे दोन धबधबे वरून कोसळतात. मी मात्र उतरले नाही. माझं सगळं चित्त त्या पोत्यात होतं.

गावी पोचले तेव्हा अंगणात सुतार येऊन बसले होते. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. वय सत्तरीपुढे. पूर्वी गावची औतं, तिफणी, बैलगाड्या त्यांच्याच हातच्या, आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली आणि ते काम संपलं. मुलगा पुण्याला प्लायवूडची कपाटं करतो. अण्णा आता पोळपाट करतात, चौरंग करतात आणि कुणी सांगितलं तर देव्हारा.

आत्यांनी सुतळी सोडली. तीन तुकडे काढून ओळीनं मांडले. अण्णांनी एकेक उचलला, नखानं खरवडला आणि वास घेतला.

"हा साग. खांबाचा?"

"तुळईचा. जिला पाळणा टांगत व्हतो."

"शंभर वर्सं झाली आसतील ह्याला, पर बगा, वाळवी न्हाई. सागाला आंगचंच तेल आसतंय. हत्यार पण सरळ चालतंय."

दुसरा तुकडा काळपट तांबडा, हातात घेतला तर दगडासारखा जड. बाभूळ. मामांच्या तिफणीचा होता. "ह्यो मला रडवणार," अण्णा हसून म्हणाले. "बाभळीवर पटाशीची धार दोन घावांत जाती. पर एकदा झालं की नातवाच्या नातवाला पुरंल."

तिसरा आंब्याचा. जेवायला बसायचा पाट होता, त्याचा कोपरा. आंब्याचं लाकूड मऊ, कापायला सोपं आणि स्वस्त, पण कीड लवकर लागते. या कोपऱ्यालाही भुंग्याची बारीक भोकं पडली होती. अण्णांनी आतला चांगला भाग खुणेनं दाखवला. "निघंल ह्यातून एक."

मी विचारलं, "अण्णा, सावंतवाडीला चितार आळीत रंगीत लाकडी फळं आणि खेळणी मिळतात. त्यांचं लाकूड कसं हलकं असतं!"

"त्यो पांगारा. कोकणात पाऊस हाय, लाकूड मऊ. आपल्याकडं झाडाला पाणीच न्हाई, ते हळूहळू वाढतंय आन् टणक व्हतंय. मानसागत."

तीन तुकडे, तीन राघू. फुलीला टोकं मात्र चार. चौथ्या टोकाचं काय, हे कुणीच बोललं नाही. मी तर मान वर करून आत्यांकडे बघूही शकले नाही.

"आट दिवस लागतील," अण्णा म्हणाले. "लई वर्सांत पाखरू केलं न्हाई. तवर तुमी तेरला जाऊन या. आमच्या धंद्याचं लई जुनं काम हाय तिथं. बगण्यासारखं."

तेर: ज्यांनी ओळखलं त्यांचं घर

नणंद धाराशिवात असते. तिच्याकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दोघी तेरला गेलो. तेरणा नदीकाठचं हे गाव आज साधंच दिसतं. संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहिलं आहे, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर लागतं आणि इथलं कापड गाड्यांतून थेट भडोच बंदरापर्यंत जातं. म्हणजे पुढे जहाजानं परदेशी!

गावात उत्तरेश्वराचं जुनं विटांचं मंदिर आहे. त्याची कोरीव लाकडी दारचौकट आता तिथल्या संग्रहालयात ठेवली आहे. अण्णांचं 'जुनं काम' ते हेच. ऊन, पाऊस, वाळवी आणि माणसांचे हात असं सगळं सोसून कित्येक शतकं हे लाकूड टिकलं. दगडाची मूर्ती टिकली तर नवल नाही, पण लाकूड? मी किती वेळ त्या चौकटीपुढे उभी होते कोण जाणे. नणंद म्हणाली, "वहिनी, चला, पुढं पण बघायचंय."

पुढे पाहिली ती एक हस्तिदंती बाहुली. उंचीला वीतभरसुद्धा नाही. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. ते उकरताना अशाच धर्तीची भारतीय हस्तिदंती मूर्ती तिथे सापडली आहे. कुठे तेर आणि कुठे इटली! शंखाच्या बांगड्या, मणी, मातीच्या मूर्ती, खेळणी असं काय काय त्या कपाटांत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुण्या आईनं आपल्या लेकरापुढे ठेवलेलं खेळणं आपण काचेतून बघतो, तेव्हा अंगावर काटा येतो बायांनो.

हे सगळं जमवलं कुणी? तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. पाऊस पडून गेला की तेरच्या पांढरीच्या मातीत जुने मणी, नाणी, खापरं वर येतात. लोकांना त्यात काही वाटत नसे. लामतुऱ्यांनी ती वस्तू काय आहे हे ओळखलं आणि वर्षानुवर्षं गोळा करून ठेवली. आज ते राज्य सरकारचं संग्रहालय आहे आणि त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

परत येताना मी गप्प होते. मनात एकच येत होतं. मातीतून वर आलेली वस्तू सगळ्यांनाच दिसते, पण ती उचलून ठेवायला ओळखणारं माणूस लागतं. आमच्या घरात तशी एक बाई होती आणि मी तिचा राघू चुलीत घातला होता.

येडशीचा जटायू

दुसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, "पाखरांच्याच कामाला आलाय, तर येडशीला जाऊन येऊ." धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर येडशी. तिथे डोंगराच्या घळीत रामलिंगाचं देऊळ आहे. पायऱ्या उतरून खाली जायचं, भोवती दाट झाडी आणि पावसाळ्यात शेजारीच धबधबा. मराठवाड्यातल्या रखरखीत उन्हातून इथे आलं की डोळे निवतात. माकडं मात्र फार आहेत, हातातली पिशवी सांभाळा! हा सगळा भाग १९९७ पासून अभयारण्य आहे.

इथले लोक सांगतात, की सीतामाईला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूनं याच ठिकाणी अडवलं. पंख तुटून तो पडला. प्रभू रामचंद्र आले, बाण मारून पाणी काढलं आणि त्याला पाजलं. जटायूची समाधीही दाखवतात. नणंदेनं तिथे हात जोडले आणि म्हणाली, "आपल्यानं होणार नाही हे माहीत असून आडवा आला बघा." मग जरा थांबून म्हणाली, "आई त्या रात्री मामांचा हात धरून सकाळपर्यंत बसली होती."

ती मामा म्हणाली ते स्वतःच्या वडिलांनाच. आमच्या घरात सगळी मुलं त्यांना मामाच म्हणत. तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चौथं टोक

आठव्या दिवशी परत गावी गेलो. तीन राघू उन्हात वाळत ठेवले होते. सागाचा सोनेरी, बाभळीचा तांबूस, आंब्याचा फिकट. रंग दिला नव्हता. आत्यांनीच नको म्हटलं होतं.

पाटाशेजारी चौथा ठोकळा होता. ओबडधोबड, राघवाच्या आकाराचा नुसता करवतून काढलेला.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"लिंबाचा," आत्या म्हणाल्या. "दारातल्या. तू लावलेल्या."

नव्या गावठाणात घर मिळालं तेव्हा दारात सावलीला काही नव्हतं. मी सोलापूरहून लिंबाचं रोप नेऊन लावलं होतं, हे मी विसरूनही गेले होते. आता ते घराच्या वर गेलंय. आदल्या वर्षी विजेच्या तारांना लागते म्हणून त्याची एक फांदी तोडली होती. आत्यांनी ती सावलीत वाळवून ठेवली होती. म्हणजे फोन करायच्या कितीतरी आधी त्यांनी हा चौथा राघू मनाशी धरला होता!

"ह्यो तूच कर," त्या म्हणाल्या.

"मी? आत्या, मला कुठं येतंय?"

"पुरणपोळी तरी कुठं येत व्हती?"

अण्णांनी माझ्या हातात कानस दिली. सुताराच्या घरातही बायका हत्याराला हात लावत नसत म्हणे. अण्णांनी आधी जरासं इकडेतिकडे बघितलं, मग माझ्यासमोर पाट ओढला आणि शिकवायला बसले. दोन दिवस लागले. दोन बोटं सोलली. लिंबाच्या लाकडाची नस उलटसुलट असते, त्यामुळे एका बाजूनं गुळगुळीत होतं आणि दुसऱ्या बाजूनं धसकटं निघतात. माझ्या राघवाची मान जरा वाकडीच झाली. चोच तर चिमणीसारखी.

आत्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. म्हणाल्या, "ब्येस झालाय. त्यो जळलेला काय लई देखना नव्हता."

मला रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "येडी हायस का? तीस वर्सं मनात धरून बसलीस व्हय?" आणि माझ्या डोळ्यांना त्यांचा पदर लावला.

तुम्हांला करायचा असेल तर

अण्णांनी शिकवलं ते तुमच्यासाठी लिहून ठेवलं आहे.

लाकूड नीट वाळलेलं हवं. ओली फांदी कोरली तर वाळताना तडकते. निदान सहा महिने ते वर्षभर सावलीत ठेवा. पहिल्यांदा करताना आंब्यासारखं मऊ लाकूड घ्या, बाभळीच्या नादी लागू नका. पुठ्ठ्यावर पाखराची बाजूनं दिसणारी आकृती काढून कापा आणि ती लाकडावर ठेवून रेघ मारा. लाकडाच्या नसा चोचीकडून शेपटीकडे लांबीत यायला हव्यात. आडव्या आल्या तर चोच पहिल्याच धक्क्याला तुटते. बाहेरचा आकार सुताराकडून करवतून घ्या. पुढचं काम कानस आणि पॉलिश पेपरनं घरी होतं. आधी जाड पेपर, मग बारीक.

जुन्या लाकडावर तैलरंगाचे थर असतील तर ते घरात घासू नका. जुन्या रंगात शिसं असतं, ती भुकटी लेकरांना घातक. असं लाकूड या कामाला नकोच. रंगरोगणाऐवजी घाण्याचं जवसाचं तेल फडक्यानं चोळा, दोन-तीन दिवस वाळू द्या आणि पुन्हा चोळा. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका. डोळ्याला मणी चिकटवू नका, तापवलेल्या तारेनं ठिपका द्या. राघू बाळाच्या हाताला लागणार नाही इतका उंच आणि पक्क्या दोरीनं बांधा. बाळ उठून बसायला लागलं की काढूनच ठेवा.

आणि तुळजापूरला गेलात तर एक दिवस जास्तीचा काढा. सकाळी तेर, दुपारनंतर येडशी असं सहज होतं. तेरचं संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं ते आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा पडायचा.

आमच्या घरी नात झाली. बाराव्या दिवशी स्टीलच्या पाळण्यावरचं गाणारं झुंबर काढलं आणि चार राघवांची फुली बांधली. आत्या फोनवर होत्या. नातीनं डोळे उघडले आणि ती टक लावून बघत राहिली, ती नेमकी वाकड्या मानेच्या राघवाकडे. मी आत्यांना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग! पंख्याच्या वाऱ्यानं त्योच जास्त हालत आसंल."

दिवाळी जवळ आली आहे. माळ्यावरचं ते गाठोडं खाली काढाल तेव्हा बंबाकडे नेण्याआधी ज्यांनी ते ठेवलंय त्यांच्यासमोर एकदा उघडा. यात काय काय आहे, एवढं तरी विचारून घ्या.